अमेरिकेत मॅजिस्ट्रेट जजच्या पदासाठी केलेला अर्ज: सूचनेपासून शपथेपर्यंत

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या, म्हणजे फेडरल (केंद्रीय) न्यायव्यवस्थेतल्या खटले चालवणाऱ्या कोर्टाच्या संकेतस्थळावर एक छोटी सूचना लागली. एक मॅजिस्ट्रेट जज निवृत्त होणार होते, त्यांच्या जागेसाठी अर्ज मागवले होते. मुदत मार्चअखेरची. मी त्या पदाची शपथ घेतली ती फेब्रुवारी २०२५ मध्ये. मधल्या काळात काय काय करावं लागलं, कुठे नुसतं थांबावं लागलं आणि कशाची धास्ती वाटली, ते लिहून ठेवते आहे. इथे वकिली करणारे मराठी लोक आता बरेच आहेत, त्यांची मुलंही लॉ स्कूलला आहेत. फेडरल न्यायाधीश व्हायचं तर सिनेटर ओळखीचा हवा, असं समजून यातले अनेक जण या वाटेकडे फिरकतच नाहीत. या पदासाठी सिनेटर लागत नाही. वर्षानुवर्षं तुमच्या विरुद्ध बाजूने उभे राहिलेले वकील तुमच्याबद्दल काय सांगतात, ते मात्र फार लागतं.

निवडीच्या बैठकांमधलं कामकाज गोपनीय असतं, त्यामुळे तिथलं मी मोजकंच सांगेन. कोर्टाचं आणि माणसांची नावंही लिहिणार नाही.

आधी पदाविषयी. फेडरल कोर्टातल्या डिस्ट्रिक्ट जजना राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते आणि ते तहहयात असतात. मॅजिस्ट्रेट जजचं पद १९६८ च्या फेडरल मॅजिस्ट्रेट्स ॲक्टने निर्माण झालं, आणि ही नेमणूक त्या त्या कोर्टातले डिस्ट्रिक्ट जज स्वतः बहुमताने करतात. पूर्णवेळ पदाची मुदत आठ वर्षं, अर्धवेळ असेल तर चार. वकिलीची निदान पाच वर्षं झालेली हवीत, बारमध्ये, म्हणजे वकिलांच्या नोंदणीत, नाव स्वच्छ हवं, आणि नेमणाऱ्या कोर्टातल्या कुठल्याही जजशी रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नको. पगार डिस्ट्रिक्ट जजच्या ९२ टक्के, म्हणजे २०२५ साली २,२७,६०८ डॉलर.

फेडरल गुन्ह्यात अटक झालेला माणूस सहसा पहिल्यांदा ज्याच्यासमोर उभा राहतो तो मॅजिस्ट्रेट जज. झडतीचं वॉरंट द्यायचं की नाही, आरोपीला जामिनावर सोडायचं की कोठडीत ठेवायचं, हे तिथे ठरतं. दिवाणी दाव्यांमध्ये कागदपत्रं देण्याघेण्यावरून होणारी भांडणं मिटवणं आणि तडजोडीच्या बैठका घेणं, हा कामाचा मोठा भाग. दोन्ही पक्षांनी संमती दिली तर अख्खा दिवाणी खटला ज्युरीसकट चालवता येतो, दावा कितीही रकमेचा असो. फेलनीचा, म्हणजे मोठ्या गुन्ह्याचा खटला मात्र चालवता येत नाही. आपल्याकडचे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंतची कैद देऊ शकतात. इथे मॅजिस्ट्रेट जजकडे मिसडिमीनरचेच, म्हणजे लहान गुन्ह्यांचेच खटले येतात, आणि त्यांत शिक्षेची कमाल एक वर्ष.

साताऱ्याला फोन केला तेव्हा दादाने पहिलं विचारलं, "परीक्षा कधी आहे तुझी?" त्याचं बरोबर होतं. आमच्या नात्यातल्या एका मुलीने एमपीएससीची पूर्व, मुख्य आणि मग तोंडी परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर हे पद मिळवलं होतं, तिचा अभ्यास आमच्या घराने जवळून पाहिला होता. इथे परीक्षा नाही, गुणवत्ता यादी नाही, आरक्षणाचा तक्ता नाही. मला ते सुरुवातीला फार अवघड गेलं. परीक्षा असती तर रात्री जागून अभ्यास केला असता. इथे गेल्या वीस वर्षांत जे वागलो तेच उत्तरपत्रिकेत लिहिलेलं, आता त्यात काही खोडता येत नाही आणि पुरवणीही जोडता येत नाही.

अर्ज करायचा की नाही हे ठरवायलाच पंधरवडा गेला. मी तेव्हा फेडरल पब्लिक डिफेंडरच्या कार्यालयात होते. ज्या आरोपींना वकिलाचा खर्च झेपत नाही त्यांची बाजू मांडणं, हे माझं काम आणि माझं आवडीचं काम. ते सोडून मधल्या खुर्चीत बसणं मला जमेल का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ विचारला. नवरा एवढंच म्हणाला, "कोठडीच्या सुनावणीहून घरी येतेस तेव्हा अर्धा तास तू जजने काय विचारायला हवं होतं तेच बोलत असतेस." त्यानंतर मी फॉर्म उतरवून घेतला.

फॉर्मला शुल्क नाही. पण तो भरायला वेळ फार लागतो. शिक्षण, नोकऱ्या, कुठल्या बारमध्ये कधी प्रवेश, कधी तक्रार झाली का, कधी दिवाळखोरी, कधी कर थकला का, कधी अटक, कधी दाव्यात पक्षकार होतात का, तब्येत. इथवर ठीक. मग महत्त्वाच्या खटल्यांची यादी: प्रत्येकाचा थोडक्यात तपशील, तुम्ही स्वतः काय केलंत, जज कोण होते आणि समोरचे वकील कोण होते, त्यांच्या आजच्या फोन नंबरांसह. प्रत्येक कोर्टाचा फॉर्म थोडा वेगळा असतो, पण समोरच्या वकिलांचा रकाना बहुतेक ठिकाणी भेटेल.

हा रकाना भरताना मला अर्जाचं खरं स्वरूप कळलं. आपण जिंकलेले खटले लिहावेत असं मनात येतं. मी तसं केलं नाही. एका खटल्यात पुरावा वगळावा म्हणून मी केलेला अर्ज कोर्टाने फेटाळला होता, माझ्या अशिलाला मोठी शिक्षा झाली होती, आणि समोरचा सरकारी वकील फार तयारीचा होता. महिनोन्महिने आम्ही प्रत्येक कागदासाठी भांडलो होतो. तो खटला मी यादीत वर घातला, कारण त्यात मी वकील म्हणून कशी आहे ते सगळ्यात नीट दिसतं. नाव देण्याआधी त्याला फोन केला. ही रीत कटाक्षाने पाळा: ज्यांची नावं देणार आहात त्या प्रत्येकाला आधी सांगा, गोड बोलायची विनंती मात्र करू नका. तो म्हणाला, "तुझं म्हणणं मला एकदाही पटलं नाही, पण तू दिलेला शब्द मला कधी तपासून पाहावा लागला नाही. त्यांनी विचारलं तर हेच सांगेन." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ टेबलाशी बसून होते.

कार्यालयातल्या साहेबबाईंनाही आधीच सांगितलं. अर्ज गोपनीय ठेवला जातो, तरी अर्ज तपासणाऱ्या निवड पॅनेलची माणसं चौकशीचे फोन करतात आणि आपल्या गावात वकिलांची दुनिया लहान असते. वरिष्ठांना ते तिसऱ्याकडून कळणं बरं नाही. तसंच, ज्या जजसमोर तुम्ही रोज उभे राहता त्यांना गाठून या विषयावर बोलायला जाऊ नका. आमच्या सूचनेतच तशी ताकीद होती.

कागदपत्रांचा खर्च किरकोळ. बारची आणि कोर्टांची गुड स्टँडिंगची, म्हणजे नाव स्वच्छ असल्याची प्रमाणपत्रं, प्रत्येकी थोडेथोडके डॉलर. इथल्या लॉ स्कूलची गुणपत्रिका ऑनलाइन मिळाली. पुण्याच्या एलएल.बी.ची मात्र माझ्याकडे पिवळी पडलेली झेरॉक्स होती, आणि मला विद्यापीठाची शिक्क्याची प्रत जोडायची होती. मी अधिकारपत्र सही करून पाठवलं, मावसभावाने दोन रजा टाकून काम केलं, आणि कुरियरसकट सगळ्यात जास्त पैसे त्या एका कागदाला लागले. तुमचं शिक्षण भारतात झालं असेल तर हे काम सूचना निघण्याची वाट न पाहता उरकून ठेवा. सूचना ते मुदत यांत जेमतेम काही आठवडे असतात.

लिखाणाचा नमुना म्हणून मी एक जुना ब्रीफ, म्हणजे कोर्टात दिलेला लेखी युक्तिवाद दिला. चकचकीत अपिलाचा नव्हता. जामिनाच्या प्रश्नावरचा, आठ पानी, घाईत लिहिलेला पण स्वच्छ. मॅजिस्ट्रेट जजला असंच लिहावं लागतं: थोड्या वेळात आणि हरलेल्या माणसालाही कारण समजेल असं.

मार्च संपला. एप्रिलभर काहीच नाही. या शांततेची तयारी ठेवा. कोर्टाने नेमलेलं निवड पॅनेल अर्ज वाचत असतं, संदर्भांना फोन करत असतं, आणि तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. पॅनेलला काम संपवायला साधारण नव्वद दिवस असतात आणि त्यातून डिस्ट्रिक्ट जजकडे पाच नावं जातात. पॅनेलमध्ये सगळे वकील नसतात. निदान दोन सभासद वकिलीबाहेरचे, त्याच जिल्ह्यात राहणारे असावे लागतात. मुलाखतीपर्यंत मला ही तरतूद नुसती कागदावरची वाटत होती.

मेच्या मध्यावर मुलाखतीचं पत्र आलं. वेळ अर्ध्या तासाची. लांबच लांब टेबल, एका बाजूला पॅनेल, दुसऱ्या बाजूला मी आणि पाण्याचा ग्लास. वकील सभासदांचे प्रश्न मला अपेक्षित होते. आयुष्यभर बचावाच्या बाजूने उभी राहिलेली बाई वॉरंटवर सही कशी करणार? मी सांगितलं, की शपथपत्रात जे लिहिलंय तेवढंच वाचणार. त्यात प्रोबेबल कॉज, म्हणजे संशयाला पुरेसं सबळ कारण दिसत असेल तर सही करणार, नसेल तर काय कमी आहे ते सांगून परत देणार. वीस वर्षं मी वॉरंटांमधल्या त्रुटी शोधल्या आहेत, त्यामुळे चांगलं वॉरंट कसं दिसतं तेही मला माहीत आहे. कोठडीचा प्रश्नही आला. १९८४ च्या बेल रिफॉर्म ॲक्टनुसार सरकार सुनावणीसाठी तीन दिवसांपर्यंत मुदत मागू शकतं, आरोपी पाच. त्या तीन दिवसांत माणसाची नोकरी जाते, पाळणाघरातून मूल आणायला कुणी नसतं. ते मी पाहिलंय, हेही सांगितलं. आणि आरोपी सुटल्यावर ज्याला भीती वाटते तो साक्षीदारही मी पाहिलाय, हेही.

मला खरा धक्का दिला तो वकील नसलेल्या एका सभासद बाईंनी. त्यांनी विचारलं, "वकील न घेता एखादा माणूस आपला दावा घेऊन तुमच्यासमोर आला, त्याचं म्हणणं कायद्यात बसत नाही, आणि तुम्ही त्याच्याविरुद्ध निकाल देणार आहात. तो घरी जाऊन बायकोला काय सांगेल?" याची तयारी मी केलेली नव्हती. मी आईचं उदाहरण दिलं. वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी आई तलाठी कार्यालयात गेली होती. पहिल्या दिवशी काम झालं नाही, पण तिथल्या भाऊसाहेबांनी तिला खुर्ची दिली, कुठला कागद कमी आहे तो एका चिठ्ठीवर लिहून दिला. आई घरी येऊन म्हणाली, "काम नाही झालं, पण आता मला कळलं काय करायचं ते." माझ्यासमोरून हरून गेलेल्या माणसाने निदान एवढं तरी म्हणावं, असं मी सांगितलं. बाईंनी मान हलवून काहीतरी लिहून घेतलं.

मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना माझं सांगणं: कायद्याची कलमं तुम्हाला येतातच. ज्या कोर्टात अर्ज केलाय तिथले मॅजिस्ट्रेट जज दिवसभर काय करतात ते प्रत्यक्ष जाऊन बघा. सुनावण्या खुल्या असतात. मी फौजदारी बाजूची, म्हणून एप्रिलमध्ये रजा टाकून दिवाणी बाजूच्या सुनावण्या ऐकत मागे बसले. सोशल सिक्युरिटीची अपंगत्वाची प्रकरणं, कैद्यांचे अर्ज, यांचं केवढं ओझं असतं ते तेव्हा समजलं.

जूनच्या शेवटी कळलं की पाचांत माझं नाव आहे. जुलैत डिस्ट्रिक्ट जजनी मुलाखत घेतली, सगळ्यांनी मिळून, एका बैठकीत. ज्यांच्यासमोर मी शेकडो वेळा "युवर ऑनर" म्हणत उभी राहिले ते सगळे एका टेबलाभोवती. त्यांना माझी वकिली माहीत होती, त्यामुळे प्रश्न वेगळे होते. दुपारी तीन वाजता तातडीचं वॉरंट आलं, चार वाजता तडजोडीची बैठक आहे, काय कराल? सहकाऱ्याचा निर्णय चुकीचा वाटला तर काय कराल? लॉ क्लार्क, म्हणजे जजला मदत करणारे कायद्याचे पदवीधर, कसे निवडाल? उत्तरं थोडक्यात दिली. चार दिवसांनी मुख्य न्यायाधीशांचा फोन आला. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, ऐकलं, आभार मानले आणि आईला फोन लावला. तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते. तिने उचलला.

बाकीच्या चौघांबद्दल एक सांगायलाच हवं. त्यांतल्या दोघांना मी ओळखते आणि दोघेही या खुर्चीला पूर्ण लायक आहेत. नाव न लागणं हा लायकीवरचा शेरा नसतो. त्या वेळी कोर्टाला कुठल्या अनुभवाची गरज आहे, यावरही पुष्कळ काही ठरतं.

निवड झाली म्हणजे नेमणूक झाली असं नाही. त्यानंतर एफबीआयची पार्श्वभूमीची चौकशी आणि आयआरएस या कर खात्याकडून करांची तपासणी, आणि ती पुरी होईपर्यंत शपथ नाही. ऑगस्ट ते डिसेंबर हा माझ्यासाठी सगळ्यात लांब काळ होता. ज्यांचं घरदार अजून भारतात आहे, त्यांनी हा भाग नीट वाचावा.

चौकशीच्या फॉर्ममध्ये परदेशातले नातेवाईक, परदेश प्रवास, परदेशी बँक खाती, परदेशातली मालमत्ता हे सगळं लिहावं लागतं. वडिलांच्या पश्चात आमच्या शेताच्या सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तिघांची नावं लागली आहेत. ऊस दादाच लावतो, पैसे त्याच्याकडेच असतात, मी कधी हिशेब विचारला नाही. पण नाव आहे म्हणजे हिस्सा आहे, आणि हिस्सा आहे म्हणजे तो लिहायचा. दादाने महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा काढून पाठवला, पंधरा रुपयांत. त्यातलं हेक्टर-आर, पोटखराबा, भोगवटादार वर्ग-१, फेरफार क्रमांक, हे सगळं मी इंग्रजीत समजावून एक पान तयार केलं आणि सोबत जोडलं. चौकशी अधिकारी भेटायला आले तेव्हा त्यांनी ते पान पुढ्यात ठेवून विचारलं, ही जमीन तुम्ही विकू शकता का? एकटी नाही, तिघांच्या सह्या लागतात, असं सांगितलं. उत्पन्न कोण घेतं, कर कोण भरतं, भावाशी वाद आहे का, हेही विचारलं. आवाज सौम्य होता, पण एकही प्रश्न सोडला नाही.

एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या बँक खात्याचंही तसंच. परदेशी खात्यांची एकत्र शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचं विवरणपत्र भरावं लागतं. माझी भरलेली होती, त्यांच्या प्रती मी वर्षवार लावून ठेवल्या. तुमची भरलेली नसतील तर अर्जाच्या आधी करसल्लागाराकडे जा. ओसीआय कार्डाबद्दलही (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) प्रश्न आला, म्हणजे तुम्ही दोन देशांच्या नागरिक आहात का. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे सांगून भारतीय पासपोर्ट परत केल्याचं प्रमाणपत्र दाखवलं. ते प्रमाणपत्र जपून ठेवलेलं असू द्या.

अधिकारी शेजाऱ्यांनाही भेटले, जुन्या कार्यालयातही गेले. समोरच्या घरातल्या आजोबांनी संध्याकाळी मला हाक मारून सांगितलं की तुझी चौकशी करायला माणूस आला होता, मी सांगितलं की ही बाई बर्फ पडला की आधी माझा रस्ता साफ करते.

या काळात आणखी एक काम होतं, आणि त्याने मन जड झालं. आमच्या महाराष्ट्र मंडळाची मी खजिनदार होते. गणपतीची वर्गणी, दिवाळी कार्यक्रमाचे प्रायोजक, हे माझ्याकडे. न्यायाधीशांच्या आचारसंहितेनुसार जजने स्वतः लोकांकडे निधी मागायला जायचं नसतं. देणारा उद्या पक्षकार म्हणून किंवा वकील म्हणून समोर येऊ शकतो. सप्टेंबरचा गणेशोत्सव झाल्यावर मी पद सोडलं, हिशेब नव्या खजिनदारांकडे दिला. आरतीला जाते, मोदक करते, पावतीपुस्तक हातात घेत नाही. राजकीय पक्षांना देणग्याही बंद, भिंतीवरचे फलक आणि पाठिंब्याच्या पोस्टही बंद. दरवर्षी मालमत्तेचं विवरणपत्र भरायचं, त्यात तो सातबाराही आला.

अशिलांचा निरोप घेणं त्याहून कठीण. प्रत्येकाची फाइल सहकाऱ्यांकडे सोपवली, तुरुंगात जाऊन एकेकाला समजावलं. माझ्या जुन्या कार्यालयाची माझ्या काळातली प्रकरणं माझ्यासमोर येऊ शकत नाहीत, त्यांची यादी करून कोर्टाच्या क्लार्ककडे दिली. ती यादी करताना वीस वर्षं डोळ्यांपुढून गेली.

जानेवारीत मंजुरीचं कळलं, फेब्रुवारीत शपथ. फेडरल न्यायाधीशांच्या शपथेत गरीब आणि श्रीमंत यांना सारखाच न्याय देण्याचं वचन आहे. शब्द पाठ होते, तरी त्या ओळीला आवाज थोडा कापला. आई व्हिडिओ कॉलवर होती, दादाने फोन देवघराशेजारी उभा करून ठेवला होता.

त्यानंतर फेडरल ज्युडिशियल सेंटरचं नव्या मॅजिस्ट्रेट जजसाठीचं प्रशिक्षण झालं आणि लगेच ड्युटीचा आठवडा आला. त्या आठवड्यात वॉरंटसाठी रात्रीही फोन येतो. फोनवरून शपथ देऊन वॉरंट देण्याची सोय नियमांत आहे. पहिलं शपथपत्र मी सावकाश वाचलं, एका परिच्छेदावर अडले, अधिकाऱ्याला प्रश्न विचारला. त्याने दुरुस्त करून पुन्हा पाठवलं, तेव्हा सही केली.

जागा शोधायच्या असतील तर त्या त्या डिस्ट्रिक्ट कोर्टाचं संकेतस्थळ आणि फेडरल कोर्टांच्या सामाईक संकेतस्थळावरचं नोकऱ्यांचं पान दर आठवड्याला पाहत जा. माझी मुदत २०३३ मध्ये संपेल. फेरनेमणूक हवी असेल तर पुन्हा जाहीर सूचना निघेल, लोकांचे अभिप्राय मागवले जातील आणि पॅनेल पुन्हा बसेल. तेव्हा माझ्यासमोर उभे राहिलेल्या वकिलांना विचारलं जाईल.